रूटी हिल, सिडनी: पाचपैकी पावणेचार

सिडनीत पहिलं घर कुठल्या सबर्बमध्ये घ्यावं, हे गेल्या दोन महिन्यांत मला चार जणांनी विचारलं. चौघांना तेच ते सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून टाकते. अभिप्राय रूटी हिलचा आहे, पण वाटेत नाकारलेल्या जागाही येतील. त्या बघितल्या नसत्या तर ही पसंत पडली नसती.

आधी आम्ही कोण ते सांगते, कारण तुमचं गणित वेगळं असेल तर हे सगळं वाचून उपयोग नाही. नवरा फिलिपिनो, बतांगासचा. ईस्टर्न क्रीकला एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो, पाळी पहाटे पाचची. मी वेस्टमीडला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. महिन्यातले निम्मे दिवस संध्याकाळची पाळी, सुटायला रात्रीचे दहा वाजतात. गाडी एकच, आणि ती पहाटे तो नेतो. मूल अजून नाही. सासूबाई बतांगासला असतात, त्यांना मी नानाय म्हणते. वर्षातून तीन महिने त्या आमच्याकडे येणार हे लग्नाच्या आधीच ठरलेलं.

घर घ्यायचं म्हटल्यावर दोन्हीकडची माणसं सल्ले घेऊन उभी. आपली मंडळी म्हणाली वेंटवर्थव्हिल घ्या, गिरावीन घ्या, शाळा चांगली, किराणा पायाखाली. गिरावीनच्या त्या सरकारी शाळेत प्रवेश परीक्षेवर मिळतो, पत्त्यावर नाही, हे सांगितलं तरी कुणाला पटत नाही. शिवाय तिथल्या घरांचे आकडे ऐकून आम्ही फोन खाली ठेवला. नवऱ्याच्या बाजूची मंडळी तर एकमुखाने ब्लॅकटाउनचा पट्टा सांगत होती: डूनसाइड, वुडक्रॉफ्ट, प्लम्प्टन, रूटी हिल, माउंट ड्रूइट. २०२१ च्या जनगणनेत फिलिपिन्समध्ये जन्मलेले २.९ लाखांहून जास्त लोक ऑस्ट्रेलियात मोजले गेले, आणि सिडनीत त्यांची सगळ्यात दाट वस्ती ब्लॅकटाउन नगरपालिकेच्या हद्दीतच आहे. ‘आपली माणसं आहेत तिथे’ हे वाक्य मी मराठीत आणि टागालोगमध्ये इतक्यांदा ऐकलं की शेवटी त्याची चीड यायला लागली. आपली माणसं रात्री साडेदहाला स्टेशनवर न्यायला येतात का? नाही ना. मग?

पैशाचं एकदाच सांगते. न्यू साउथ वेल्समध्ये पहिलं घर ८ लाख डॉलरपर्यंतचं असेल तर स्टॅम्प ड्युटी पूर्ण माफ. त्यापुढे १० लाखांपर्यंत सवलत घटत जाते, आणि त्यानंतर काही नाही. ८ लाखांच्या घरावर ही माफी साधारण तीस हजारांची होते. बदल्यात एक वर्षाच्या आत राहायला जायचं आणि सलग १२ महिने राहायचं. दुसरी योजना केंद्र सरकारची, ५ टक्के डिपॉझिटची. उरलेल्या १५ टक्क्यांची हमी सरकार घेतं, म्हणून बँक विम्याचा वेगळा भुर्दंड लावत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून त्यातली उत्पन्नाची अट गेली, दरवर्षी ठरावीकच लोकांना घ्यायची मर्यादा गेली आणि सिडनीसाठी किमतीची मर्यादा १५ लाख झाली. ऐकायला झकास. पण घराच्या ९५ टक्के कर्ज म्हणजे हप्ताही तेवढाच मोठा, आणि बँक तुमची ऐपत चालू व्याजदरापेक्षा ३ टक्के जास्त धरून तपासते. कागदावर १५ लाखांचं स्वप्न, प्रत्यक्षात आमची धाव आठपर्यंत.

नवऱ्याच्या चुलतभावाने आमचं बघून उत्साहाने फॉर्म भरायला घेतला होता. तो तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर आहे. १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२७ या काळात अशा लोकांना जुनं, राहतं घर विकत घेता येत नाही. पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, असेल तर ती अडचण नाही. बतांगासला वडिलांचं घर नवऱ्याच्या नावावर आहे, त्याची आम्हाला भीती होती. पण इथे विचारतात ते ऑस्ट्रेलियातल्या मालमत्तेचं.

आता बँकेची गंमत. नवरा दहा वर्षं ‘पालुवागान’ खेळतो. बारा जण, दर महिन्याला प्रत्येकी हजार, पाळीपाळीने एकाला सगळी रक्कम. पहिल्यांदा त्याने समजावून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अरे ही तर भिशी! त्या बारा हजारांवर आमच्या डिपॉझिटचा मोठा भाग उभा राहणार होता. ब्रोकरने खात्याचा उतारा बघितला आणि विचारलं, हे एकरकमी कुठून आले? बँकेला किमान तीन महिने हळूहळू साठवलेले पैसे दिसायला हवे होते. नवरा बिचारा सांगतोय की मी बारा महिने साठवलेच आहेत, फक्त ते दुसऱ्यांच्या खिशात होते. शेवटी ते पैसे खात्यात तीन महिने नुसते पडून ठेवले आणि तेवढ्यात दोन बरी घरं हातची गेली. दुसरं, दर महिन्याला बहिणीच्या फीसाठी तो घरी ६०० डॉलर पाठवतो. बँकेच्या वहीत तो खर्च म्हणून लागला आणि कर्जाचा आकडा खाली आला. यात बँकेचं चूक काही नाही. पण घरी पैसे पाठवणारा प्रत्येक जण इथे अडखळतो, आणि हे आधी कुणी सांगत नाही. पालुवागानचा तुमचा नंबर घर शोधायच्या निदान सहा महिने आधी लावून घ्या.

पहिला मोह मार्सडन पार्कचा. सगळं नवं कोरं, रंगाचा वास अजून गेलेला नाही, आयकिया हाकेच्या अंतरावर. ऑक्टोबर नुकताच लागला होता, तरी दुपारी तीनला त्या रस्त्यावर उभं राहिल्यावर डोकं भणभणलं. काळ्या-करड्या छपरांची घरं एकमेकांना खेटून, मधून हात घालता येईल एवढीच फट, आणि झाडं काठीएवढी. जवळच्या पेनरिथमध्ये ४ जानेवारी २०२० ला ४८.९ अंशांची नोंद झाली होती. समुद्राचा वारा इथपर्यंत पोचता पोचता दमतो. सॅम्पल फ्लॅटमधला एसी अठरावर होता, तो बंद करायला सांगितला तर सेल्सवाली नुसती हसली. स्टेशन नाही. स्कोफील्ड्सला बसने जा, तिथून ट्रेन. माझी रात्रीची पाळी आणि बसचं वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवलं आणि विषय संपवला. ज्यांच्याकडे दोन गाड्या आणि शाळेतली मुलं आहेत त्यांना ते आवडतं, त्यांचं त्यांना लखलाभ. तिकडे रिव्हरस्टोनच्या बाजूला काही घरं स्वस्त दिसली. हॉक्सबरी-नेपियनच्या खोऱ्यात मार्च २०२१, मार्च २०२२ आणि जुलै २०२२ असे पाठोपाठ मोठे पूर आले होते. तेव्हा स्वस्त घर दिसलं की नगरपालिकेचा पुराचा नकाशा बघा, आणि सही करायच्या आधी त्या पत्त्यावर विम्याचा आकडा मागवा. नकाशापेक्षा विमा कंपनी लवकर खरं बोलते.

क्वेकर्स हिलचं टाउनहाउस मात्र जवळजवळ घेतलंच होतं. स्टेशन चालत, स्वयंपाकघर उजेडाचं, किंमत आमच्यात बसणारी. नवऱ्याने नानायला व्हिडिओ कॉल लावला. त्या म्हणाल्या, जिना दाखव. मला वाटलं गुडघेदुखीमुळे विचारतायत. त्याने मुकाट्याने कॅमेरा पायांकडे वळवला आणि एकेक पायरी चढायला लागला. फोनमधून आवाज येतोय: ओरो, प्लाता, माता, ओरो, प्लाता, माता. पहिली पायरी सोन्याची, दुसरी चांदीची, तिसरी माता. ही आपली माता नव्हे, हिचा अर्थ मरण. शेवटची पायरी मातावर संपली तर त्या घरात राहायचं नाही. जिना पंधरा पायऱ्यांचा निघाला. ‘अनाक, बिलांगिन मो उलित’, बाळा परत मोज, असं त्या म्हणाल्या. परत मोजलं, पुन्हा पंधरा. एजंट जिन्याच्या तळाशी हात बांधून उभा. त्याला वाटलं असावं नवरा लाकडाचा आवाज तपासतोय, कारण तो मधेच म्हणाला, आत सगळं भक्कम आहे.

मी रात्री आईला हसत हसत सांगितलं, तर ती गंभीरपणे म्हणाली, ते जाऊ दे, दार कुठल्या दिशेला? दार दक्षिणेला होतं. ‘दक्षिणमुखी? घर घेताय की मारुतीचं देऊळ?’ आता हिला कसं सांगू की पृथ्वीच्या या अर्ध्या भागात सूर्य उत्तरेकडून फिरतो. दार दक्षिणेला असलं की मागची खोली आणि अंगण उत्तरेला येतं, हिवाळ्यात दिवसभर ऊन आत, आणि इथला प्रत्येक एजंट तेच मोठ्या अक्षरांत छापतो. सासूबाईंचा जिना आणि आईची दिशा, दोन्ही एकाच घरात नापास. मनातल्या मनात मी दोघींची ओळख करून दिली. पटलं असतं त्यांचं.

माउंट ड्रूइटबद्दल दोन शब्द, कारण त्याच्यावर फार अन्याय होतो. पत्ता सांगितला की ऐकणाऱ्याच्या भुवया वर जातात. साठ-सत्तरच्या दशकात सरकारने गरिबांसाठी तिथे मोठ्या वसाहती उभारल्या, तेव्हापासूनचं नाव चिकटलंय. आम्ही तिथे चार शनिवार फिरलो. फिलिपिनो दुकानं, स्टेशन, मॉल सगळं एका टप्प्यात, आणि लोक रस्त्यात थांबून बोलतात. जमीनही मोठी मिळते. ४५० चौरस मीटरचा प्लॉट असला तर मागे ६० चौरस मीटरपर्यंतचं छोटं घर बांधायचा मार्ग सोपा आहे, म्हणजे नानायला स्वतःची चूल. नवऱ्याचा जीव तिथेच अडकला होता. पण आम्हाला परवडणारं जे घर मिळालं त्याच्या भिंती जुन्या फायब्रोच्या, म्हणजे सिमेंटच्या पातळ पत्र्यांच्या. तपासणी करणाऱ्या माणसाने बाथरूमच्या मागची पट्टी टॉर्चने दाखवली, कडेला सशाने कुरतडल्यासारखा तुकडा निघालेला. ॲस्बेस्टॉस. ऑस्ट्रेलियात त्याच्यावर पूर्ण बंदी २००३ च्या ३१ डिसेंबरपासून आली, त्याआधीच्या जुन्या घरांत तो सर्रास सापडतो. धक्का लावला नाही तर धोका कमी, असं तो म्हणाला. पण आम्हाला तेच बाथरूम फोडून नवं करायचं होतं. तपासणीचे सहाशे डॉलर गेले आणि मला ते जराही खटकले नाहीत. या सगळ्या खटाटोपात पैसे वसूल झाले ते त्या एकाच माणसाकडून.

डूनसाइडला ऑक्शनमध्ये उतरलो ही आमची चूक. गाइड ७ ते ७.७ लाख. इथे कायद्याने एजंटला किंमत पट्ट्यात सांगायची असेल तर वरचा आकडा खालच्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त ठेवता येत नाही, आणि हा पट्टा अगदी काठावर बेतलेला. फेदरडेल प्राणिसंग्रहालयाच्या बाजूचं शांत घर, मागे गमची, म्हणजे निलगिरीची झाडं. नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. बोली दुसऱ्या मिनिटाला आमच्या डोक्यावरून गेली, हातोडा पडला ८.४६ ला. ऑक्शनमध्ये घेतलं की विचार बदलायला मुदत मिळत नाही, म्हणून तपासणी, वकील सगळं आधीच करून बसावं लागतं. तो सगळा खर्च पाण्यात. त्या एजंटचं नाव लिहीत नाही. लिहिलं तरी काय, बाकीचे त्याच्यासारखेच.

मग रूटी हिल. शनिवारी ओपन हाउस बघितलं, आवडलं, पण एव्हाना शहाणपण आलं होतं. पुढच्या मंगळवारी पाळी संपवून मी वेस्टमीडहून घरी न जाता सरळ रूटी हिलची ट्रेन पकडली. वीस-पंचवीस मिनिटं. उतरले तेव्हा पावणेअकरा. नवऱ्याला सांगितलं होतं की तू गाडी घेऊन त्या घरापाशी थांब, मला चालत यायचंय. स्टेशनपासून त्या गल्लीपर्यंत अकरा मिनिटं. दिवे मोजले, दोन बंद होते. एक कुत्रा भुंकला. कोपऱ्यावरच्या घराच्या गॅरेजचं दार अर्धं उघडं, आत ट्यूबलाइटखाली तीन बायका प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून मोठ्या खोक्यात कॉफी, साबण, टिनमधलं मांस, चॉकलेटं कोंबत होत्या. बालिकबायान बॉक्स, घरी पाठवायचं खोकं. एकीने मान वर करून बघितलं आणि टागालोगमध्ये विचारलं, ड्युटीवरून का? मला तेवढं समजतं. मी ‘ओपो’ म्हटलं. ती म्हणाली, सांभाळून जा, पुढे फूटपाथ उखडलाय. खरंच उखडला होता.

आपली माणसं वगैरे सगळं त्या फूटपाथवर मला कळलं. ती मराठी नव्हती, एवढंच.

घर टाउनहाउस, तीन खोल्या, आतला जिना तेरा पायऱ्यांचा, म्हणजे ओरोवर संपणारा. दार पूर्वेला. ७ लाख ८५ हजारांत ठरलं. ऑक्शनऐवजी बोलणी करून घेतल्यामुळे विचार बदलायला कामाचे पाच दिवस मुदत मिळाली. त्यात माघार घेतली असती तर किमतीच्या ०.२५ टक्के, म्हणजे १,९६२ डॉलर आणि वर काही सेंट गेले असते. एजंटने ती मुदत सोडून द्यायचा कागद पुढे केला होता, आमच्या कन्व्हेयन्सर, म्हणजे खरेदीची कायदेशीर कागदपत्रं बघणाऱ्या बाईंनी तो परत त्याच्याकडे सरकवला. त्या पाच दिवसांत त्यांनी सोसायटीचा, म्हणजे स्ट्राटाचा, हिशेब तपासला. ते करायलाच हवं. छपराचं काम काढलेलं असेल आणि फंडात खडखडाट असेल तर तो खर्च तुमच्या गळ्यात पडतो.

राहायला येऊन चार महिने झाले. चांगलं काय? नवऱ्याला गोदाम पंधरा मिनिटांवर. मला ट्रेन सरळ. रविवारी चर्चमध्ये त्याच्या भाषेतली गाणी म्हणणारं टोळकं आहे आणि डिसेंबरात नाताळाआधीच्या नऊ दिवसांच्या पहाटेच्या प्रार्थनांचा सिंबांग गाबीही होतो, पहाटेऐवजी बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी, कारण पहाटे सगळे कामावर. कोपऱ्यावरच्या बेकरीत गरम पांदेसाल मिळतो. बिनगोड पावाला हे लोक गोड का करतात हे मला कळत नाही, पण मिसळीबरोबर खाल्ला आणि तक्रार मागे घेतली. जुना आरएसएल, म्हणजे माजी सैनिकांच्या संघटनेचा क्लब, आता वेस्ट एचक्यू नावाने, जेवायला बरा. पोकरच्या मशिनांकडे बघायचं नाही. आपल्या किराण्यासाठी हॅरिस पार्कला किंवा वेंटवर्थव्हिलला जावंच लागतं. कढीपत्ता मात्र शेजारच्या श्रीलंकन काकूंकडे लागलाय.

वाईट? एक अख्खा तारा कापला तो उन्हाळ्याबद्दल. मार्सडन पार्कला नाकं मुरडली, पण फेब्रुवारीत आमची वरची खोलीही भट्टीच होती. पाव तारा मालगाड्यांचा. दिवसा कळत नाहीत, रात्री दोनला खिडकीची काच बोलते. ओपन हाउस शनिवारी सकाळी ठेवतात ते उगाच नाही. नानायच्या वेगळ्या चुलीचं स्वप्न टाउनहाउसमध्ये बसत नाही, ते नवऱ्याला अजून लागतं. तो तारा मी कापला नाही, ती आमची ऐपत होती, सबर्बची चूक नव्हे. आणि स्ट्राटा! तिमाहीला ७४० डॉलर भरायचे, वर बाल्कनीत कपडे वाळत घातले म्हणून चिठ्ठी.

मार्चमध्ये नानाय आल्या. विमानतळावरून घरी आलो, मी दार उघडून आत, हातात त्यांनी आणलेली तांदूळ-मिठाची बरणी. मागे वळले तर त्या बाहेरच, अंगणाच्या पायऱ्यांवर उभ्या. व्हिडिओवर आम्ही आतला जिना दाखवला होता, बाहेरच्या पायऱ्या कुणाच्या डोक्यातच नव्हत्या. तीन. ओरो, प्लाता, आणि त्या जिथे उभ्या होत्या ती.

नवऱ्याने त्याच संध्याकाळी हार्डवेअरच्या दुकानातून एक जाड सिमेंटची फरशी आणली आणि खाली चौथी पायरी करून टाकली. नानाय आत आल्या, जेवल्या, झोपल्या. तीन आठवड्यांनी स्ट्राटाचं पत्र आलं: सामायिक जागेत विनापरवानगी बदल. परवानगीचा फॉर्म भरा, पुढच्या सभेत विषय घेऊ. फॉर्मवर मापं लिहून झालीत, फोटोही जोडलाय. ‘बदलाचं कारण’ हा रकाना तेवढा रिकामा आहे, आणि त्यात काय लिहायचं यावर घरात तीन भाषांत चर्चा चालू आहे.